हरलेल्या मॅचचा व्हिडिओ: अमेरिकेतल्या कॉलेज टेनिससाठी एका मुलीची तयारी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातल्या टेनिस खेळणाऱ्या मुलीचं आहे. तिच्या आणि तिच्या आईबाबांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि तिला इथे सई म्हणते आहे. परदेशी कॉलेजांच्या प्रशिक्षकांना पाठवायचे व्हिडिओ करायला मी खेळाडूंना मदत करते, त्या निमित्ताने हे कुटुंब माझ्याकडे आलं. इतरांना उपयोग व्हावा म्हणून कुठे काय ठरवलं आणि का ठरवलं, ते जरा सविस्तर मांडते.

पार्श्वभूमी

सई आठव्या वर्षापासून क्लबच्या मातीच्या कोर्टवर खेळत होती. पुढे ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या सोळा आणि अठरा वर्षांखालच्या स्पर्धांसाठी पुणे, मुंबई, नाशिक, कधी हैदराबाद अशा फेऱ्या सुरू झाल्या. पुण्यात बालेवाडीला स्पर्धा असली की मुक्काम मावशीकडे. आई शाळेत शिक्षिका, बाबा सहकारी बँकेत. तिचे सर स्वतःची छोटी ॲकॅडमी चालवतात. तिथे दोन मातीची कोर्ट आणि एक हार्ड कोर्ट आहे.

२०२२ मध्ये सई दहावी झाली तेव्हा घरात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. व्यावसायिक टेनिसचा खर्च झेपणार नव्हता आणि टेनिस सोडायची तिची तयारी नव्हती. अमेरिकन कॉलेजची कल्पना बाबांच्या डोक्यात सोमदेव देववर्मनमुळे आली. व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना सोमदेवने २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात समोर जॉर्जियाचा जॉन इस्नर होता. शिक्षण आणि टेनिस एकाच वेळी, तेही शिष्यवृत्तीवर, असा रस्ता असतो हे बाबांना त्यातून कळलं होतं.

कॉलेज टेनिस कसं चालतं हे इथे सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. तिथे टेनिस हा सांघिक खेळ आहे. कॉलेजांचे तीन डिव्हिजन, म्हणजे स्तर, असतात. सगळ्यात वरच्या डिव्हिजन एकच्या लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने होतात, प्रत्येकी एका सेटचे. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाचा एक गुण. एकूण सात गुण, चार मिळवणारा संघ जिंकला. ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाला की पुढचाच गुण निर्णायक. म्हणजे प्रशिक्षकाला एक तारा लागत नाही. पाचव्या-सहाव्या क्रमांकावर रोज गुण काढून देणारी आणि दुहेरीत जोडीदाराशी जुळवून घेणारी मुलगी त्याला लागते.

पैशांचा हिशेबही वेगवेगळा. सईच्या वेळच्या नियमांनुसार डिव्हिजन एकच्या महिला टेनिस संघाला आठ शिष्यवृत्त्या देता येत. डिव्हिजन दोनमध्ये सहा शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम अनेक खेळाडूंत वाटून देता येई. डिव्हिजन तीनमध्ये आणि आयव्ही लीग या आठ नामवंत विद्यापीठांच्या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. डिव्हिजन तीनमध्ये मदत गुणवत्तेवर किंवा घरच्या परिस्थितीवर मिळते, आयव्ही लीगमध्ये फक्त घरच्या परिस्थितीवर.

सईचा यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) तेव्हा सातच्या थोडा वर होता. हे मानांकन साडेसोळापर्यंत जातं. मागच्या वर्षभरातल्या जास्तीत जास्त तीस सामन्यांवरून ते निघतं, आणि त्यात समोरचा खेळाडू किती ताकदीचा होता व तुम्ही किती गेम घेतले हे मोजलं जातं. प्रशिक्षक सगळ्यात आधी हा आकडा बघतात. पण आकड्यावरून खेळाची जात कळत नाही. अमेरिकन मुलींना ते सॅन डिएगोच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्यक्ष खेळताना पाहू शकतात. बालेवाडीला त्यांच्यातलं कोणी येत नाही, म्हणून इथल्या मुलीच्या बाबतीत तो सगळा भार व्हिडिओवर पडतो.

अडचण

मे २०२२ मध्ये कुटुंबाने पहिला व्हिडिओ केला. शहरातल्या लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्या एका चांगल्या छायाचित्रकाराने तो केला होता, आणि त्याच्या कामात खोट नव्हती. सुरुवातीला ड्रोनवरून कोर्ट, मग सई बुटाची लेस बांधते, मग जोरदार संगीतावर एकापाठोपाठ एक विनर, म्हणजे समोरच्याला परतवता न येणारे फटके. बरेचसे फटके संथ गतीत. एकूण साडेतीन मिनिटं. हा व्हिडिओ बाबांच्या ईमेलवरून जुलैमध्ये पन्नासेक कॉलेजांना एकदम गेला.

उत्तरं आली ती ‘आमच्या वेबसाइटवरचा फॉर्म भरा’ एवढीच, तीही मोजकी.

कुटुंबाला कोणीतरी सांगितलं की अमेरिकन प्रशिक्षकांना उत्तर द्यायची परवानगीच नसते, थांबा. तसा नियम खरोखर आहे. खेळाडूची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत डिव्हिजन एकचा टेनिस प्रशिक्षक तिच्याशी भरतीबद्दल पत्रव्यवहार करू शकत नाही. तोपर्यंत आलेलं ईमेल तो वाचू शकतो, व्हिडिओ पाहू शकतो, उत्तर मात्र देऊ शकत नाही. पण सईची दहावी झाली होती आणि ती तारीखही उलटून गेली होती. नियम खरा होता, तिला लागू नव्हता. त्या चुकीच्या दिलाशावर पावसाळा निघून गेला. दिवाळीच्या सुट्टीत ते माझ्याकडे आले तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, “ताई, मुलगी कमी पडतेय का?”

मी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि सई कशी खेळते हे मला सांगता येईना. अडचण इथेच होती.

इंटरनेटवर ‘रिक्रूटिंग व्हिडिओ’ म्हणून जो सल्ला सापडतो, तो बहुतेक अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलमधून आलेला असतो. २००६ मध्ये नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये सुरू झालेल्या हडलसारख्या मंचांवर हायस्कूलची मुलं आपले सर्वोत्तम क्षण कापून टाकतात, स्वतःभोवती वर्तुळ किंवा बाण काढतात आणि सगळ्यात भारी क्षण सुरुवातीला ठेवतात. फुटबॉलमध्ये ते योग्यच आहे. तिथे प्रत्येक चाल काही सेकंदांत सुरू होऊन संपते आणि मैदानात बावीस जण असतात, त्यामुळे आपला खेळाडू कोणता हे दाखवावंच लागतं.

टेनिसमध्ये शेवटचा फटका सगळ्यात कमी बोलतो. सईच्या व्हिडिओत दिसत होतं की बॉल तिच्याकडे येतो आणि ती तो कोपऱ्यात मारते. त्याआधीचे पाच-सात फटके कापलेले होते. तो बॉल आखूड का पडला? तिने समोरच्या मुलीला मागे रेटलं होतं म्हणून, की समोरची मुलगी नवशिकी होती म्हणून? विनर मारल्यावर ती पुढच्या गुणासाठी कशी उभी राहते? गुण गेल्यावर खांदे पडतात का? दुसरी सर्व्हिस कशी आहे? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. शिवाय कॅमेरा कोर्टच्या बाजूने, छातीच्या उंचीवर. तिथून फटक्याचा वेग भासतो, पण बॉल किती खोल पडला आणि कोणत्या दिशेला गेला ते कळत नाही. संथ गतीमुळे पायांची हालचाल दिसेनाशी झाली होती. संगीतामुळे रॅकेटवर बॉल बसल्याचा आवाज गेला होता, आणि जाणकार माणूस फटका स्वच्छ बसला की नाही ते निम्मं कानानेच ओळखतो.

आणि त्यात दुहेरीचा एकही गुण नव्हता.

समोर काय पर्याय होते

पहिला पर्याय एजन्सीचा. पुण्यातल्या एका एजन्सीने व्हिडिओ, कॉलेजांची यादी, पत्रव्यवहार असं सगळं मिळून काही लाखांचं पॅकेज सांगितलं होतं आणि वर ‘शिष्यवृत्तीची हमी’ दिली होती. अशी हमी कोणालाच देता येत नाही, कारण शिष्यवृत्ती देणारा प्रशिक्षक आणि ते कॉलेज असतं. चांगल्या एजन्सी आहेत, प्रशिक्षकांशी त्यांच्या ओळखी असतात आणि ज्या घरात इंग्रजी पत्रव्यवहाराला कोणी नाही त्यांना त्यांचा उपयोगही होतो. पण सईच्या आई स्वतः कागदपत्रांत चोख होत्या आणि सईला लिहिता येत होतं. हमीच्या भाषेमुळे आईंनीच हा पर्याय बाजूला ठेवला.

दुसरा पर्याय होता अमेरिकेत जाऊन शोकेस कॅम्पला हजर राहण्याचा. तिथे प्रशिक्षक मुलींना प्रत्यक्ष खेळताना पाहतात. पण विमानभाडं, व्हिसा आणि राहणं मिळून जी रक्कम होत होती तेवढ्यात सईच्या वर्षभराच्या स्पर्धा झाल्या असत्या. यूटीआर वर नेण्यासाठी त्या स्पर्धा जास्त गरजेच्या होत्या.

तिसरा, जुन्याच चित्रीकरणातून नवं संकलन. हा स्वस्त होता आणि बाबांचा कल याच्याकडे होता. छायाचित्रकाराकडून कच्चं चित्रण मागवून पाहिलं, तर गुणांची सुरुवातच टिपलेली नव्हती. जे चित्रित झालेलं नाही ते संकलनात आणायचं कुठून?

चौथा, सगळं नव्याने चित्रित करायचं, फोनवर, आपलं आपण. वेळ जाणार होता, पण हाच धरला. घड्याळ मात्र डोक्यात ठेवावं लागलं. त्या वेळी डिव्हिजन एकच्या टेनिसमध्ये बारावी झाल्यावर फक्त सहा महिन्यांची सवलत होती. त्यानंतरही प्रवेश न घेता स्पर्धा खेळत राहिलं की कॉलेजकडून खेळण्याच्या वर्षांतलं एक कमी व्हायचं. त्यामुळे ‘बारावीनंतर एक वर्ष नुसतं टेनिस’ हा घरात अधूनमधून निघणारा विषय संपला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडे पोहोचायचं, हे ठरलं.

काय केलं आणि कुठे अडलो

कोर्ट कोणतं, इथून वाद सुरू झाला. सई मातीवर जास्त चांगली खेळते. सरांचं म्हणणं, तिचं उत्तम तेच दाखवा. पण अमेरिकन कॉलेजांचे सामने हार्ड कोर्टवर होतात. मातीवर बॉल संथ होतो आणि उंच उसळतो, त्यामुळे तिच्या लांब रॅली तिथे प्रभावी दिसतात. प्रशिक्षकाच्या मनात पहिली शंका हीच येणार की हार्ड कोर्टवर हिचं काय होईल. म्हणून सगळं हार्ड कोर्टवर, आणि मातीवरच्या एका सेटची लिंक स्वतंत्र, ज्याला बघायची तो बघेल.

चित्रणासाठी डिसेंबर निवडला. पाऊस नाही, हवा स्वच्छ. सकाळी आठ ते दहा, सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी राहील अशा बाजूने. बेसलाइनच्या मागच्या जाळीला साधारण दहा फुटांवर क्लॅम्पने फोन बसवला. चढायला मांडववाल्याकडून घोडा, म्हणजे उभी शिडी, आणला. जाळीच्या छिद्रात लेन्स नेमकी बसवली, नाहीतर फोकस जाळीवरच अडकतो. वाइड लेन्स टाळली, कारण तिच्यात पलीकडची बेसलाइन फार दूर जाते आणि बॉल ठिपका होतो. फोन आडवा, सेकंदाला साठ फ्रेम, एक्स्पोजर लॉक केलेलं. मागचा हिरवा पडदा ताणून बांधला, म्हणजे पिवळा बॉल उठून दिसतो. एवढ्या तयारीला भाड्याच्या शिडीपलीकडे फारसा खर्च आला नाही.

दुसरा वाद कोणता सामना दाखवायचा यावर झाला, आणि हा सगळ्यात लांबला. जानेवारीत पुण्यातल्या स्पर्धेत सईचे तीन सामने चित्रित झाले. त्यासाठी स्पर्धेच्या सुपरव्हायजरची परवानगी घेतली होती आणि समोरच्या मुलींच्या पालकांनाही आधी विचारलं होतं. त्यांच्याही मुली अल्पवयीन आहेत, तेव्हा हे विचारायलाच हवं. पहिले दोन सामने सई सहज जिंकली, एक तर ६-१, ६-०. तिसऱ्यात तिच्यापेक्षा बऱ्याच वरच्या मानांकनाची मुलगी समोर होती. सई तीन सेटमध्ये हरली.

मी तिसरा सामना सुचवला.

बाबा म्हणाले, “ताई, हरलेली मॅच कोण पाठवतं?” आई गप्प होत्या. सरांनी दोन्ही सामन्यांतले दोन-दोन गेम शेजारी लावून बघायला सांगितलं. ६-१ च्या सामन्यात समोरून येणारा बॉल हळू होता. सईला धावावं लागत नव्हतं, तिचा बॅकहँड कसोटीला लागत नव्हता. हरलेल्या सामन्यात ती कोपऱ्यातून कोपऱ्यात पळत होती, ४-४ ला दोन ब्रेक पॉइंट वाचवत होती, चुकल्यावर रॅकेटच्या तारांकडे बघत एक श्वास घेऊन परत येत होती. सरांनीच मग निकाल दिला, “हिचं टेनिस यात आहे.” सई स्वतः म्हणाली की तोच पाठवा, त्या दिवशी मी सगळ्यात चांगली खेळले.

तिसरा प्रश्न दुसऱ्या सर्व्हिसचा. ती सईची उघड कमजोरी होती, हळू आणि सरळ जाणारी. सरांना वाटत होतं, निवडलेल्या गेममध्ये डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण जाणं) नसावेत. मला उलट वाटत होतं. सलग दोन गेम विनाकाटछाट दाखवायचे ठरवले की ते जसेच्या तसे जाऊ द्यायचे, कारण सलग गेम दाखवण्याचं मोलच त्यात काही लपवलेलं नसण्यात आहे. कमजोरी पहिल्या सरावाच्या दिवशी कळणारच असते. ती आधी कळली तर प्रशिक्षक ठरवू शकतो की हे मला सुधारता येईल का. नंतर कळली तर फसवल्यासारखं होतं, आणि त्याचा त्रास परक्या देशात एकट्या राहणाऱ्या मुलीला भोगावा लागतो. निवडलेल्या पहिल्या गेममध्ये एक डबल फॉल्ट होता. तो राहिला.

चौथी गोष्ट आम्ही शोधली नव्हती, ती कच्च्या चित्रणात ऐकू आली. जवळजवळ प्रत्येक गुणानंतर बाबांचा आवाज होता. “रॅकेट लवकर!” “पाय, पाय!” प्रेमापोटीच, पण ऐकणाऱ्याला पहिल्यांदा तेच जाणवत होतं. आवाज बंद करून टाकणं सोपं होतं, पण मग बॉलचा आवाजही गेला असता. शेवटी हरलेल्या सामन्याचा तिसरा सेट निवडला, त्या वेळी बाबा पाण्याच्या बाटल्या आणायला गेले होते. पुढच्या चित्रणाच्या वेळी ते आपणहून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसले. सईने नंतर मला सांगितलं की त्या दिवशी तिला कोर्टवर मोकळं वाटलं. हे वाक्य तिने बाबांनाही सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. या प्रकरणातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

दुहेरीसाठी ॲकॅडमीतल्या तीन मुलींना घेऊन एक सेट खेळवला. सईची नेटवरची हालचाल बरी निघाली, सर्व्हिस रिटर्न फारच चांगला. मातीवर एकेरी खेळत वाढलेल्या मुलीकडे हे असेल असं आमच्यापैकी कोणी धरून चाललं नव्हतं.

अंतिम व्हिडिओ सहा मिनिटांचा झाला. आधी काही सेकंद नाव, जन्मवर्ष, बारावीचं वर्ष, उंची, उजव्या हाताची, दोन हातांचा बॅकहँड, यूटीआर, तिचा आणि सरांचा संपर्क. मग कोर्टवर उभी राहून तिने स्वतः करून दिलेली ओळख, अर्ध्या मिनिटाची. पहिल्यांदा ती कागदावरून पाठ केल्यासारखं बोलली. मग कागद काढून घेतला आणि कोणत्या विषयात शिकायचंय आणि टेनिसमध्ये काय आवडतं एवढंच सांग म्हटलं. इंग्रजी थोडं अडखळलं, तसंच ठेवलं. त्यानंतर फोरहँड-बॅकहँड, व्हॉली, दोन्ही बाजूंच्या सर्व्हिस मिळून दीड मिनिट, मग दोन अखंड गेम आणि शेवटी दुहेरी. संगीत नाही, संथ गती नाही, बाण नाहीत. संपूर्ण सामन्याची लिंक खाली. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड, म्हणजे लिंक असणाऱ्यालाच दिसेल असा, ठेवला, कारण प्रशिक्षक बसमध्ये फोनवर बघतो, त्याला फाइल उतरवून घ्यायला लावायचं नाही.

कॉलेजांची यादी आईंनी केली. यूटीआरच्या संकेतस्थळावर प्रत्येक संघाच्या पहिल्या सहा खेळाडूंच्या मानांकनांची बेरीज दिसते, आणि संघातल्या मुली कोणत्या वर्षात आहेत हे कॉलेजच्या पानावर असतं. सईचा आकडा जिथे चौथ्या ते सहाव्या क्रमांकाच्या आसपास बसतो आणि २०२४ मध्ये जिथल्या दोन-तीन मुली पदवी घेऊन बाहेर पडणार आहेत, अशी कॉलेजं त्यांनी वहीत उतरवली. पन्नासांची यादी पंचवीसच्या आत आली. प्रत्येक ईमेल सईने स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलं. विषयाच्या ओळीत नाव, २०२४, भारत, यूटीआर. आत त्या संघाबद्दल दोन खरी वाक्यं.

निकाल

फेब्रुवारी २०२३ मध्ये ईमेल गेले. पहिल्या आठवड्यात तीन उत्तरं आली, महिनाभरात निम्म्या कॉलेजांनी काही ना काही कळवलं. ‘आमची भरती झाली’ असंही काहींनी लिहिलं, आणि तेही उपयोगाचं होतं, त्या कॉलेजांची वाट बघणं थांबलं. चार प्रशिक्षकांनी व्हिडिओ कॉलवर वेळ मागितली. महाराष्ट्रातल्या घरात ते कॉल रात्री दहानंतर व्हायचे.

त्यातल्या एका प्रशिक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला तो दुसऱ्या सर्व्हिसबद्दल. त्या सर्व्हिसवर आता काय काम चाललंय? सईने सांगितलं की सरांबरोबर किक सर्व्हिसवर (टप्प्यानंतर उंच उसळणारी सर्व्हिस) रोज अर्धा तास देते आहे आणि टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर फेकलेला बॉल, अजून डोक्यावर स्थिर येत नाही. मग दहा मिनिटं दोघी टॉसबद्दलच बोलल्या. कॉल संपल्यावर आईंनी मला एवढंच लिहिलं, “ती भीतीने बोलली नाही.” दुसऱ्या एका प्रशिक्षकांनी संपूर्ण सामना पाहिला होता आणि त्यांना तिसऱ्या सेटमध्ये सईने रिटर्नसाठी उभं राहायची जागा का बदलली हे जाणून घ्यायचं होतं.

बारावीच्या सुरुवातीला दोन प्रस्ताव समोर होते. डिव्हिजन एकमधल्या एका संघात जागा, पण शिष्यवृत्ती नाही, फी जवळपास पूर्ण भरायची. डिव्हिजन दोनमधल्या मध्यपश्चिमेच्या एका कॉलेजात शिकवणी शुल्काचा बराचसा भाग माफ, खेळ आणि गुणवत्ता मिळून. बाबांना ‘डिव्हिजन एक’ या शब्दांचं आकर्षण होतं आणि त्यात वावगं काही नाही, इतकी वर्षं त्यांनी त्यासाठीच गाडी चालवली होती. सईने दोन्ही संघांतल्या सध्याच्या मुलींशी बोलायची परवानगी मागितली. डिव्हिजन एकच्या संघात तिच्या आकड्याच्या मुली सामन्याच्या दिवशी बाकावर बसत होत्या. दुसरीकडे तिला पहिल्याच वर्षी खेळायला मिळेल असं दिसत होतं. कर्ज काढून बाकावर बसायचं का, हा प्रश्न तिनेच घरात मांडला आणि डिव्हिजन दोन ठरलं.

मग एनसीएएच्या पात्रता केंद्राला नववीपासूनच्या गुणपत्रिका पाठवणं, इंग्रजीची परीक्षा, आय-२० (व्हिसासाठी कॉलेजकडून मिळणारा कागद) आणि व्हिसा ही कामं बोर्डाच्या परीक्षेच्या आगेमागे झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये सई गेली. पहिल्या हंगामात ती एकेरीत बहुतेक पाचव्या क्रमांकावर आणि दुहेरीत तिसऱ्या जोडीत खेळली.

वेगळं काय करता आलं असतं

दुहेरीचं चित्रण स्पर्धेतलं हवं होतं. ॲकॅडमीतल्या मुलींबरोबरच्या सेटवर एका प्रशिक्षकाने रास्त शंका घेतली की या सगळ्या एकमेकींना ओळखतात, दडपण कुठे आहे? आपल्याकडे पालक आणि खेळाडू ज्युनिअर स्पर्धांत दुहेरीचा फॉर्म भरतात आणि एकेरीत हरलं की तो सामना सोडून घरी निघतात, रेल्वेचं तिकीट वाचतं म्हणून. कॉलेजकडे जायचं असेल तर तो सामना सोडू नये. सईने नंतरच्या स्पर्धांत तसं केलं आणि मार्चमध्ये एका जोडीबरोबर उपांत्य फेरी खेळली. ते चित्रण मग पुरवणी म्हणून पाठवलं आणि डिव्हिजन दोनच्या त्या प्रशिक्षक बाईंचा पुढचा ईमेल त्यावरच आला.

व्हिडिओ वर्षभर आधी, दहावीच्या डिसेंबरमध्ये करता आला असता. १५ जूनआधी उत्तर येत नाही हे माहीत असताना पाठवलं, तर शांततेने कोणी खचत नाही आणि प्रशिक्षकाच्या यादीत नाव आधी जातं. दर चार-पाच महिन्यांनी तीन मिनिटांची पुरवणी पाठवली की प्रगतीही दिसते. बोर्डाच्या वर्षात कोणाच्या घरी हे सुचणार, हा प्रश्न आहेच, पण शनिवारची एक सकाळ पुरते.

यादी करताना हवामानाचा विचार आम्ही केला नाही. मध्यपश्चिमेत हिवाळ्यात सगळं टेनिस छताखाली होतं. तिथे वारा नाही, ऊन नाही, बॉल वेगाने घसरतो. पहिले दोन महिने सईला ते जड गेलं. पुण्या-मुंबईत छताखाली चित्रण करणं अवघडच, पण कॉलवर प्रशिक्षकांना त्याबद्दल विचारता आलं असतं.

आणि एक बदल आता सगळ्यांनाच विचारात घ्यावा लागेल. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात जून २०२५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या डिव्हिजन एकच्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. टेनिससाठी ती दहा आहे. शिष्यवृत्तीशिवाय संघात घेतलेल्या अकराव्या-बाराव्या मुलीला अशा ठिकाणी आता जागा नाही. सईला मिळाला होता तसा पहिला प्रस्ताव यापुढे कमी मुलींना मिळेल. म्हणून या वर्षी माझ्याकडे आलेल्या दोन मुलींच्या याद्यांत आम्ही डिव्हिजन दोन आणि तीनची कॉलेजं सुरुवातीपासून वरती घेतली आहेत, आणि दोघींचे दुहेरीचे सामने आधी चित्रित केले आहेत.